शून्यानंतरचे फवारे

इमारतीतली पोरं तिला पिळेबाई म्हणायची. टूथपेस्टची नळी ती ज्या निष्ठेने पिळायची त्यावरून पडलेलं हे नाव इतकं रुळलं होतं, की कुरिअरवालासुद्धा खाली उभा राहून "पिळे, चौथा मजला!" असं ओरडायचा आणि ती निमूटपणे सही करायला खाली उतरायची. तिला त्या नावाचा राग नव्हता. उलट थोडा अभिमानच होता.

नळी पिळून सपाट झाली की ती कात्रीने मधोमध कापायची आणि आतून ब्रश फिरवून आणखी आठवडाभर दोघांचे दात घासून व्हायचे. शाम्पूची बाटली संपत आली की उलटी करून कोपऱ्यात उभी. मग तिच्यात पाणी, मग आणखी पाणी, आणि शेवटी जे काही उरे त्यात नवऱ्याचे बनियन धुऊन निघत. साबणाच्या चिपट्या ओल्या करून नव्या वडीच्या पाठीला चिकटवलेल्या असत, त्यामुळे त्या घरातला साबण कधी एका रंगाचा नसायचाच. जुन्या चादरीचे अभ्रे, अभ्र्यांची फडकी, फडक्यांचं पायपुसणं, आणि पायपुसण्याचं पुढे काय होई ते विचारायची कोणाची छाती नव्हती. शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या आणि दोन दिवसांनी हळूच दार वाजवायच्या, "भांड्यांच्या साबणात पाणी किती घालता हो तुम्ही?" ती सगळं सांगायची, काही हातचं न राखता.

या हुशारीचं पुढे काय झालं ते मी सांगणार आहे, आणि ते चांगलं नाही.

बाईची सगळी नोकरी एका हॉटेलात खोल्या आवरण्यात गेली होती. एकदाच हाताला लावून फेकलेले साबण, रिकाम्या म्हणून कचऱ्यात गेलेल्या पण हलवल्या की आत खळखळणाऱ्या बाटल्या, हे तिने सव्वीस वर्षं रोज पाहिलं होतं. त्याआधी घरी सहा भावंडं. वडील साबणाची वडी दोऱ्याने कापून वाटायचे आणि ही सर्वांत धाकटी, म्हणून सर्वांत पातळ काप हिच्या वाट्याला. जग वस्तूंना फार लवकर संपल्या म्हणतं, हे तिचं मत तेव्हापासूनचं. आवाज येतोय तोवर वस्तू संपलेली नाही आणि जुनं संपल्याशिवाय नवं फोडायचं नाही, या दोन गोष्टींवर तिचा संसार उभा होता. चणचण म्हणाल तर नव्हती. नवराबायको दोघंच, लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी, आणि दोघांची पेन्शन त्यांना पुरून उरायची.

नवरा रंगारी. गॅरेजमध्ये मोटारींवर रंगाचा फवारा मारत त्याने तीस वर्षं काढली, आणि तो रंग थोडा थोडा छातीत साठत गेला. निवृत्त झाला तेव्हा दमा घेऊनच घरी आला. स्वभावाने गरीब माणूस. बायकोने दिलेल्या पाणीदार शाम्पूने डोकं धुवायचा आणि "आज चांगला फेस झाला गं" असंही म्हणायचा. त्याचा सगळा भार एका छोट्या पंपावर होता. श्वास अडकला की तोंडात धरून दाबायचा, फस्स आवाज होई, आणि दहा मिनिटांत छाती मोकळी.

पंपाच्या पाठीला एक चिमुकली खिडकी होती, आणि दर फवाऱ्याला तिच्यातला आकडा एकाने उतरायचा. डॉक्टरने दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "इथे शून्य आलं की हा टाकून द्यायचा. फवारा येत राहील, पण त्यात औषध नसेल. फसू नका. आणि एक नवा कायम जवळ ठेवा."

बाईने मान डोलावली आणि नवा पंप त्याच दिवशी घेतलाही. तो खोक्यासकट कपाटात, टॉवेलांच्या मागे गेला. दवाखान्याचा जिना उतरताना मात्र ती म्हणाली होती, "म्हणे फवारा येईल पण औषध नसेल! मग काय हवा विकतात का हे? नवा खपवायच्या युक्त्या आहेत सगळ्या."

"डॉक्टर आहे गं तो," नवरा म्हणाला.

"टूथपेस्टवाल्याचं ऐकलं असतं तर महिन्याला चार नळ्या लागल्या असत्या."

पंप तिच्याच ताब्यात असायचा, गाऊनच्या खिशात. तो उगाच दोनदोनदा मारतो, असं तिचं म्हणणं. दम लागला की तो हात पुढे करायचा आणि ती पंप हलवून त्याच्या हातात ठेवायची.

शून्य आलं त्या दिवशी तिने पंप कानाशी नेऊन हलवला. आत काहीतरी डुचमळलं. मग खिडकीबाहेर धरून एक फवारा मारून पाहिला. फस्स! नेहमीसारखाच, जोरदार. तिला नळी कापल्यावर व्हायचा तसा आनंद झाला. पंप पुन्हा खिशात गेला.

पहिले चार-पाच दिवस काही बिघडलं नाही. मग रंगारी जिन्यात दोनदा थांबू लागला, मग प्रत्येक मजल्यावर. त्याची वाक्यं आखूड झाली. आधी तो पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा, आता मथळे वाचून बाजूला ठेवू लागला. एका सकाळी पंप परत देताना म्हणाला, "आज काही... फरक पडेना."

"अजून एकदा मारा. घाईने मारता तुम्ही."

त्याने मारला, आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला. पण एवढ्या वर्षांत तिचं गणित कधी चुकलं नव्हतं, आणि न चुकलेल्या माणसाला आपण चुकतोय हे कळायला फार वेळ लागतो. बसून बसून छाती आखडली असेल, असं तिने ठरवलं. लेकीचा फोन आला, "आई, बाबांचा आवाज असा का येतोय? पंप बदललास ना?" तेव्हा ती म्हणाली, "नवा आणलाय गं केव्हाच." खोटं काही नव्हतं त्यात. कपाटातलं खोकं उघडावं असं तिला दोनदा वाटलं. एकदा तर ती टॉवेलपर्यंत पोचली, आणि खिशातला हलवून बघून परत फिरली.

असे तीन आठवडे गेले.

त्या दिवशी सकाळी समोरच्या घरात दारांना वॉर्निश लावायला सुतार आले. वास जिन्यात भरला. रंगाऱ्याने खुर्चीतूनच नाक वर केलं. "हलका माल आहे. पातळ केलाय," तो म्हणाला. एवढं वाक्य त्याने बऱ्याच दिवसांनी एका दमात पूर्ण केलं होतं. बाईने दार लावलं, खिडक्या लावल्या, दाराखालच्या फटीत ओलं फडकं कोंबलं. पण वास आत आलाच होता आणि आता त्याला बाहेर जायला वाट उरली नाही.

पाच मिनिटांत रंगाऱ्याचे खांदे वरखाली होऊ लागले. त्याने हात पुढे केला. तिने पंप हलवून दिला. फस्स. मान हलवून त्याने पुन्हा मारला. फस्स. तिसरा, चौथा, पाचवा. प्रत्येक फवारा खणखणीत होता आणि माणूस आतून बंद होत चालला होता. गळ्याखालची कातडी आत ओढली जाऊ लागली, छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. त्याने पंप मांडीवर टाकला आणि बोट उचललं. कपाटाकडे.

तिने ते बोट पाहिलं. कशाकडे आहे तेही तिला कळलं.

"थांबा, आहे अजून यात," ती म्हणाली, आणि पंप उचलून स्वतः त्याच्या तोंडात धरून दाबला. एकदा. पुन्हा एकदा.

मग त्याचे ओठ निळे दिसायला लागले. ती कपाटाकडे धावली. टॉवेल खाली पडले. खोक्यावरचं प्लास्टिक नखाने निघेना, तिने दाताने फाडलं. तोवर रंगारी खुर्चीतून कलंडला होता. तिच्या किंकाळीने सुतार दार ढकलून आत आले. त्यांनीच त्याला खुर्चीसकट चार मजले खाली नेलं.

तो वाचला. दोन दिवस यंत्रावर आणि सहा दिवस वॉर्डात काढून वाचला. तिसऱ्या दिवशी त्याच्या तोंडावर मास्क असताना डॉक्टर आले आणि त्यांनी विचारलं, "घरात नवा पंप होता ना? मग त्यांना दिला का नाही वेळेवर?"

"त्यांनी कुठे सांगितलं काही?" बाई म्हणाली. "बोलताच येत नव्हतं त्यांना. मला काय कळणार?"

बोलून झाल्यावर तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे उघडे होते. त्याने ते तिच्यावर ठेवले, आणि मग भिंतीकडे वळवले. तिला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण शब्द परत घेता येईनात.

घरी आल्यावर तिने जमेल ते सगळं केलं. औषधाच्या दुकानातून चार पंप एकदम आणले आणि एकेक प्रत्येक खोलीत ठेवला. नळी पिळून सपाट झाली तशीच फेकून दिली. रंगारी तिच्याशी नीट बोलायचा, चहाला चांगला झालाय म्हणायचा. पण त्याचा पंप त्याच्याच खिशात असायचा, आणि ती दार लावायला उठली की तो म्हणायचा, "राहू दे उघडंच."

रविवारी लेक आली. हवापालट म्हणून बाबांना महिनाभर नेते म्हणाली. बाईला वाटलं, तो नको म्हणेल. पन्नास वर्षांत तो तिच्याशिवाय कुठे राहिला नव्हता. तो उठला, आणि पलंगाखालून भरलेली बॅग ओढून काढली. ती कधी भरली होती तिला पत्ता नव्हता.

लेक टॅक्सी बघायला खाली गेली. बाई दारात आडवी उभी राहिली. "चुकलं माझं," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, आहे अजून त्यात. रागावून जाऊ नका."

"राग नाही गं," तो म्हणाला. श्वास घ्यायला थांबला. "तुला वाटलं होतं, ते ठीक आहे. पण मी बोट दाखवलं होतं. आणि तू पाहिलं होतंस."

तिने दाराची चौकट सोडली नाही.

"मला तुझी भीती वाटते," तो अगदी हळू म्हणाला. त्यालाच त्याची लाज वाटत असावी.

ती बाजूला झाली. बॅग घेऊन खालपर्यंत येते म्हणाली, तर त्याने मान हलवली आणि बॅग स्वतःच उचलली. तिसऱ्या मजल्यावर तो थांबला, ते तिला ऐकू आलं. दुसऱ्या मजल्यावर थांबला, तेही ऐकू आलं. ती कठड्याला धरून तशीच उभी होती. मग खाली टॅक्सीचं दार लागलं.