फोटोत फक्त पाय होता

दोस्तहो, ओठ फाटलाय, बोलता येईना, म्हणून टाइप करून राह्यलो.

परवा ब्लॉग सुरू केला. पहिलाच लेख टाकला: सोयाबीन तोलताना पोत्याला खालून पायाचा टेकू दिला की वजन कमी भरतं. सोबत फोटो. त्यात काटा, पोतं अन् एक पाय. चेहरा न्हाई, नाव न्हाई, गावसुद्धा न्हाई.

आज दुपारी माल तोलणारा एक मापाडी परतूरच्या माझ्या मोबाइल दुकानात घुसला.

"माह्या पायाचा फोटो काहून टाकला रे?"

गचांडी धरून त्यानं मला रस्त्यावर आपटलं. तोंडावर बुक्की, मंग बरगडीत लाथ. त्याच पायाची! सारा बाजार गोळा झाला.

"जल्दी डिलीट कर, न्हाईतर मुडदा पाडतो!"

रक्ताळल्या बोटानं मी लेख ब्लॉगच्या कचरापेटीत टाकला. तो मिशीवर ताव देत गेला.

त्याला काय माहीत, कचरापेटीतलं परत काढता येतं! आत्ताच काढलं. नाव अजूनही टाकलं न्हाई. तो पाय कुणाचा, ते त्यानंच भर बाजारात ओरडून सांगितलं.

तुमच्या पोत्याखाली कुणाचा पाय हाय?