टोपणाखालचे पांढरे खडे

बाटलीला घाबरणारा आणि माणसाला अजिबात न घाबरणारा असा एकच गृहस्थ मी उभ्या आयुष्यात पाहिला, आणि तो माझा साडू निघाला. बेळगावातल्या ज्या महाविद्यालयाच्या कचेरीचा मी अधीक्षक होतो, त्याच महाविद्यालयाच्या रसायन प्रयोगशाळेचे भांडार ते सांभाळत. गावात आज त्यांच्याविषयी तीन हकिकती फिरतात: त्यांनी खंडेनवमीला देवीची आरती विझवली, मिठाच्या खड्यांना भिऊन पोलीस बोलावले, आणि शेवटी ती बाटली त्यांनीच हलवली होती. परवा महाविद्यालयाच्या स्मरणिकेत एका माजी विद्यार्थ्याने या तिन्हींची मिसळ करून एक विनोदी लेख छापला आहे. लेखक महाशय त्या दिवशी सुट्टी घेऊन गावी झेंडू तोडत होते. मी निपाणीचा माणूस. चुकीचे निमूट ऐकून घेणे आमच्या रक्तात नाही. शिवाय मी तिथे होतो. किती जवळ होतो, ते पुढे येईलच.

आधी माणूस सांगतो. साडू मूळचे संकेश्वरकडचे, बिऱ्हाड अनगोळात. कोणत्याही पदार्थाला थेट नाक लावणे हा त्यांच्या लेखी गुन्हा. वास घ्यायचा तो वस्तू लांब धरून, हाताने वारा घालत, थोडाथोडा. प्रयोगशाळेत हे शोभते. पण माझ्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी मनगटाला लावलेले अत्तर त्यांनी हात लांब करून असे काही हुंगले, की व्याह्यांनी अत्तराची कुपी मुकाट्याने खिशात घातली. घरात लोणच्याची बरणी, खोबरेल तेल, खोकल्याचे औषध, जे जे उघडते त्या सगळ्यावर चिठ्ठी: ‘उघडले’ आणि खाली तारीख. माझी मेहुणी माझ्या बायकोकडे गाऱ्हाणे करी, “आक्का, लग्नाच्या फोटूवर बी तारीख घातलीया ह्यांनी. एवढं ‘उघडले’ म्हणून लिवलं न्हाय, हे नशीब!” सणाला आमच्याकडे पुऱ्या तळायला घेतल्या, की साडू डोळ्यांवर प्रयोगशाळेचा चष्मा चढवून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत आणि ओला झारा कढईकडे निघालेला दिसला की अशा आवाजात “आक्का!” म्हणत, की पाहुण्यांना वाटावे घरात साप निघाला. लोक हसत. मीही हसे. मी तर जरा जास्तच हसे.

भांडाराच्या कोपऱ्यात जाळीच्या दाराचे एक लोखंडी कपाट होते. एका दिवंगत प्राध्यापकांच्या संशोधनाचे सामान त्यात कुलूपबंद पडले होते आणि किल्ली कचेरीत, म्हणजे माझ्या खणात. साडूंनी जाळीतून विजेरीचा झोत टाकून आत एक तपकिरी बाटली पाहिली आणि त्यांची झोप उडाली. ईथरच्या जातीचा तो द्रव होता. एकदा उघडून वर्षानुवर्षे ठेवला, की हवा लागून त्यात स्फोटक खडे धरतात. हे खडे टोपणाच्या आट्यांत बसले, की मग काडी ओढावी लागत नाही; नुसते टोपण पिळले तरी पुरते. त्यांनी कचेरीला अर्ज दिला. कपाट उघडू नये, कोणी हलवू नये, जाणकार पथक बोलवावे. मी शेरा मारला, ‘पाहू’. त्यांनी दुसरा अर्ज दिला. मग तिसरा स्वतः घेऊन आले.

“अण्णा, ते ईथर म्हातारं झालंया. म्हाताऱ्या ईथरच्या वाटंला जायाचं नसतंय.”

“आप्पा,” मी म्हणालो, “कचेरीला माणसांच्या वयाचे दाखले पुरेसे आहेत. बाटल्यांचे नकोत.”

सगळी कचेरी हसली. तिसरा अर्जही नस्तीला लागला.

आयुधपूजा म्हणा की खंडेनवमी, आमच्या भागात त्या दिवशी एकही हत्यार धुतल्यापुसल्यावाचून राहत नाही. प्रयोगशाळेत तराजू, चिमटे, काचेच्या नळ्या घासून मांडायच्या, हळदकुंकू लावायचे, झेंडूची माळ घालायची आणि आरती करायची, ही आमची जुनी प्रथा. साडू ती मोडत नसत. फक्त पूजा बाहेरच्या दालनात, खिडक्या सताड उघड्या आणि भांडाराचे दार बंद, असा त्यांचा दंडक. त्या सकाळी ते मागच्या अंगणात गॅसची तोटी बंद करायला गेले. मी नजर फिरवायला म्हणून भांडारात शिरलो. ते धुळीने माखलेले कपाट पाहून माझा अधिकार जागा झाला. देवीची पूजा चालू असताना माझ्या आस्थापनेत एवढी धूळ! मी किल्ली आणवली, दार उघडले, समोरची तपकिरी बाटली डाव्या हाताने उचलली. टोपणाखाली पांढरे खडे साचले होते, खडीसाखरेसारखे. मी त्यांच्यावर फडके ठेवले आणि मूठ आवळली.

“अण्णा.”

आवाज अगदी हळू होता. दारात साडू उभे होते.

“हाय तसंच थांबा. लई झ्याक धरलंय तुम्ही.”

तीस वर्षांच्या नात्यात या माणसाने माझे कौतुक कधी केले नव्हते. मला तिथेच घाम फुटला.

“टोपान फिरवलंत?”

“न्हाय,” मी म्हणालो. कचेरीतली शुद्ध भाषा कुठे गेली, देव जाणे.

“ब्येस. आता बोटं ढिली करा. पिळायचं न्हाय. फडकं तिथंच ऱ्हाऊ दे. हात सरळ वर.”

तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे आरती आली. कापूर धडधडत असलेले ताट घेऊन विभागप्रमुख बाई, आणि मागे घंटा वाजवत पंधरावीस माणसे. सगळ्या खोल्यांतून आरती फिरवायची म्हणून भांडाराकडेच वळलेली. साडूंनी खांद्यावरचा ओला पंचा काढला आणि ताटावर टाकला. कापूर विझला. घंटा थांबली.

“आरती विझवलीत?” बाई किंचाळल्या. “वेड लागलंय का तुम्हाला?”

“व्हय बाईसाहेब, येडा माणूस हाय मी. देवीला काय ते उत्तर मी देतो. समदी भायेर झाडाखाली जावा. पळायचं न्हाय, चालत जावा.”

असा हा आरतीचा अपमान. ज्यांना तो आठवतो ते सगळे आज आठवायला जिवंत आहेत, एवढे त्यांनी ध्यानात ठेवावे.

माणसे गेली. मीही जावे असे मला फार वाटत होते. पण बाटली हातात होती. साडूंनी वाळूने भरलेले पसरट घमेले माझ्या शेजारच्या टेबलावर आणून ठेवले आणि मला उजवा हातही बाटलीखाली लावायला सांगून स्वतःचे दोन्ही हात माझ्या हातांखाली धरले. माझे हात थरथरत होते.

“आक्कानं आज काय केलंया?”

“काय?”

“जेवायला. पुरणपोळी?”

“व्हय.”

“कटाची आमटी?”

“व्हय.”

“तिखट करत्यात का, आमच्या हिच्यासारखी गुळमाट?”

मी याचे उत्तर काय दिले ते मला आठवत नाही. पण ते देऊन होईपर्यंत बाटली वाळूत बसली होती आणि तिच्याभोवती आमचे चारही हात रिकामे होते. आम्ही चालत बाहेर आलो. त्यांनी दाराला कुलूप लावले आणि पोलिसांचे पथक येईपर्यंत दारासमोर खुर्ची टाकून बसून राहिले. पथकाने ती बाटली काकतीच्या पलीकडे एका बंद पडलेल्या दगडखाणीत नेऊन उडवली. मी दूर बांधावर उभा होतो. तो धमाका झाला आणि आजूबाजूच्या झाडांवरचे एकूण एक पाखरू उठले. मिठाच्या खड्यांचा असा आवाज कोणी ऐकला असल्यास मला कळवावे.

राहिली तिसरी हकिकत, बाटली कोणी हलवली ही. ती गावाने रचलेली नाही, म्हणून खोडायला सर्वांत अवघड. व्यवस्थापनाने लेखी जबाब मागवले आणि साडूंचा जबाब सर्वांआधी माझ्या टेबलावर आला. ‘किल्ली मीच मागून घेतली. कपाट मी उघडले. बाटली मी हलवली.’ मी तो कागद घेऊन तडक अनगोळ गाठले.

“आप्पा, हे खोटे आहे.”

“खोटंच हाय की,” ते म्हणाले. “तुम्ही थोरले साडू. घरात चार माणसं तुमच्या शब्दावर उठत्यात-बसत्यात. मला काय, समदी येडाच म्हणत्यात. येड्यानं आणि एक येडेपणा केला, एवढंच.”

गल्लीतल्या नळावरून निवडणुकीपर्यंत प्रत्येक गोष्टीत वाद घालणारा मी, त्या एका ठिकाणी वाद घातला नाही. जबाबाखाली ‘पुढे सादर’ असे लिहून सही केली. तीस वर्षे ज्याने एका बाटलीला कुणाचे बोट चुकीचे लागू दिले नाही, त्याच्या सेवापुस्तकात ‘निष्काळजीपणा’ हा शब्द माझ्या सहीने गेला. निवृत्तीपर्यंतचे महिने त्यांना ग्रंथालयात बसवले. निरोप समारंभ झाला नाही. माझा झाला, शाल-श्रीफळासह. त्यात ते शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

गेल्या आठवड्यात हा मजकूर घेऊन मी त्यांच्याकडे गेलो आणि सोप्यावर बसून वाचून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते. तीन अर्जांपाशी त्यांनी मला अडवले नाही. किल्लीपाशी अडवले नाही. पण ‘माझे हात थरथरत होते’ या वाक्यापाशी त्यांनी हात वर केला.

“हे खोडा, अण्णा. थरथरत न्हवते. दगडावानी होते हात तुमचे. म्हणून तर वाचलो दोघं.”

मी त्यांच्याकडे पाहिले. चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. हे विधान धादांत खोटे आहे; त्या बाटलीखाली चार हात होते आणि थरथरणारे कोणते ते मला पक्के ठाऊक आहे. मी पान उलटले. पुढचे वाचायला घेतले.

ते वाक्य मी वर होते तसेच ठेवले आहे. छापून आल्यावर ते माझ्याशी भांडायला येतील. यावेत. अलीकडे ते कुठे फारसे जात नाहीत.