उंदराचे भासरे

उंदराचं चित्र मला मिळालं ते एका पाण्याच्या बाटलीवर. शेठजींच्या नातवाची शाळेची बाटली, पट्टा तुटलेली. तिच्यावर टीव्हीतला तो परदेशी उंदीर एक हात वर करून हसत उभा होता. शेठजी आमच्या यांना म्हणाले, "बस, हूबहू ऐसा चाहिए. भाभीजी से कहिए, बच्चा देखे तो बोले, वही है!" भाभीजी म्हणजे मी. मी आतल्या दाराच्या पडद्यामागे उभी होते. मान हलवली, पण पडद्यामागची मान कोणाला दिसते!

शेठजींचा विजय नगरात सिमेंटच्या पायपांचा धंदा होता. घरोघरी केबल आली त्या काळात त्यांनी टीव्हीवर परदेशातली ती मोठी बाग पाहिली आणि पाटनच्या रस्त्यावरच्या आपल्या जमिनीवर तशीच काढायला घेतली. तिकडे राजवाडा आहे, म्हणून इकडेही राजवाडा. पण त्यांचा मिस्त्री जन्मभर पाण्याच्या टाक्या बांधत आलेला. राजवाड्याला चार बुरूज झाले आणि चारही बुरूज पाण्याच्या टाक्या झाल्या. वर चढायला लोखंडी शिडीसुद्धा लावली त्याने, सवयीने.

माझं नाव त्यांच्यापर्यंत गेलं ते महालक्ष्म्यांमुळे. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला रांझीला, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये; हे फॅक्टरीत कामाला. आमच्याकडे दरवर्षी ज्येष्ठा-कनिष्ठा बसतात. त्यांची कापडी धडं मी शिवते, कापूस भरते, मुखवटे चढवते, साड्या नेसवते. त्या वर्षी शेठाणीबाई कोणासोबत तरी प्रसादाला आल्या, महालक्ष्म्यांकडे बघतच राहिल्या, आणि घरी जाऊन म्हणाल्या, उंदराचा पोशाख हिच्याचकडून शिवून घ्या.

मला माणसांसमोर बोलता येत नाही. लहानपणापासून तसंच. भाजीवाल्यासमोरही मी बोट दाखवते, आणि तो चुकीची भाजी तोलायला लागला तर तीच घेऊन घरी येते. आमच्या घरी त्यामुळे दोडकी फार झाली. शेठजींच्या बागेत उंदीर होऊन फिरायला एक उंच तगडा माणूस ठेवला होता. त्याचं माप घ्यायचं होतं. परक्या पुरुषाच्या छातीला टेप लावणं माझ्याने होणार नव्हतं. यांना म्हटलं, तुम्ही घेऊन या. हे म्हणाले, "मी का शिंपी आहो?" मग मी स्वतःलाच टेप लावली आणि उंदीर माझ्या मापाचा शिवला.

मुंडकं बांबूच्या टोपलीचं केलं, वर फोम, वर काळी मखमल. कानांना पोळ्यांच्या डब्यांची दोन झाकणं, हातांना पांढरे हातमोजे. तोंडाच्या फटीत काळी जाळी बसवली, तिथून बाहेरचं दिसायचं. एवढं सगळं झालं आणि कापड संपलं. पण मला काळजी वाटली नाही. महालक्ष्म्या भिंतीला पाठ लावून उभ्या असतात. त्यांच्या मागे सेफ्टी पिना आणि गाठी, कोण पाहतं? त्याच हिशोबाने मी उंदराची पाठ जुन्या चादरीची केली. चादरीवर मोठमोठी गुलाबाची फुलं होती.

उद्घाटनाच्या दिवशी कपडे बदलायच्या शेडमध्ये, मी सुई-दोरा घेऊन उभी असताना, तो उंच माणूस उंदरात शिरला आणि गुडघ्यांपाशीच अडकला. दुसरा आणला, तो खांद्यांत अडकला. बाहेर पोरं दरवाजा वाजवून राहिली होती. बदक आणि कुत्रा तयार उभे होते. ते दुसऱ्या शिंप्याने शिवले होते. शेठजींनी घाम पुसत विचारलं, "अरे, यह बना किसके नाप का है?" यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. शेठजींनीही पाहिलं.

"भाभीजी, बस आज का दिन," ते हात जोडून म्हणाले.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायलाही बोलावं लागतं.

मुंडकं डोक्यावर बसलं आणि सगळं अंधारलं. जाळीतून बाहेरचे लोक लहान लहान दिसत होते. मला सगळे दिसत होते आणि मी कोणालाच नाही. मी हात वर केला, पोरं ओरडली. मी कंबर हलवली, मोठी माणसंही ओरडली. एका फौजदारासारख्या मिशीवाल्याने हात पुढे केला, तो मी धरून गदागदा हलवला. आयुष्यात पहिल्यांदा परपुरुषाशी हात मिळवला आणि तो बिचारा "थैंक यू, थैंक यू" करत गेला. पाठ फिरवली तेव्हा मागे एकदम हसू फुटलं. "अरे देखो, चूहा चादर ओढ़ के आया है! काय बड्डे, ठंड लग रही क्या?" इकडे दादाला बड्डे म्हणतात, उंदरालाही. मी वळून म्हटलं, "हओ, तेरी दादी की है, वापस ले जा!" आवाज टोपलीत घुमून भलताच जाड निघाला. तो माझा होता हे मला क्षणभर कळलंच नाही.

आजचा दिवस म्हणता म्हणता दर रविवार झाला. जेवणं आटोपली की हे मला स्कूटरवर मागे बसवून न्यायचे, घरी सांगायचे शिलाईच्या कामाला जाते. ते खोटंही नव्हतं, दर रविवारी काहीतरी उसवायचंच. शेजारच्या क्वार्टरमध्ये माझे भासरे राहत. भासरे म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे भासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाही, वर पाहायचं नाही, बोलायचं तर दाराआडून. इतक्या वर्षांत त्यांनी माझा चेहरा नीट पाहिला असेल का, मला शंकाच आहे. त्यांना कळलं असतं की धाकटी सून पाटन रोडला शेपूट लावून नाचते, तर माझं ते फिरणं तिथेच संपलं असतं. आणि मला ते संपायला नको होतं. सोमवारी भाजीवाल्यासमोर मी पुन्हा बोट दाखवायची, पण मनात म्हणायची, थांब, रविवार येऊन राहिला.

मग मुंबईहून फोन आला. त्या परदेशी कंपनीकडून कोणी साहेब येणार होते. त्यांचा उंदीर, त्यांचं बदक, त्यांचा कुत्रा आपण न विचारता वापरतो असं कोणीतरी कळवलं होतं. शेठजींचा चेहरा बदकाच्या चोचीपेक्षा पिवळा झाला.

"मुंडी निकाल देंगे सबकी," ते म्हणाले. "मुंह पे रंग पोत लो, मूंछें बना लो, नाचो. मुंडी नहीं तो चोरी नहीं."

बदक आणि कुत्रा लगेच हो म्हणाले, त्यांना तसंही उकडत होतं. घरी जाताना स्कूटरवर मी यांच्या कानाजवळ तोंड नेऊन म्हटलं, "उघड्या तोंडाने माझ्याने नाही होणार."

"मग नको जाऊ. सोड."

"सोडायचं नाही ना पण."

"अवं, मुंडकं नाही म्हणून राहिले ते!"

"मुंडकं ठेवायचं. उंदीर काढायचा."

हे इतके चकित झाले की स्कूटर एका म्हशीच्या अगदी जवळून गेली. मी एका दमात एवढं बोलले नव्हते कधी.

आठवडाभर मी उंदीर मोडत बसले. झाकणांचे कान काढून लहान कान लावले. नाक ओढून लांब केलं, त्याला खराट्याच्या काड्यांच्या मिशा. चिचुंद्री झाली. शेठजींनी सगळीकडून फिरून पाहिलं आणि म्हणाले, "ठीक है. साहब पूछें तो सब बोलना, छछूंदर है." मी मान हलवली. आतून मात्र जरा राग आला. छछूंदर काही चांगलं नाव नाही बाईला.

साहेब आले ते भर उन्हाळ्यातल्या रविवारी, गळ्यात कॅमेरा घालून. बागेत खूप गर्दी होती. साहेब राजवाड्यासमोर बराच वेळ उभे राहिले, शिडीकडे पाहिलं, आणि पुढे आले. मग माझ्यासमोर थांबले.

"यह कौन है?"

"छछूंदर है साहब," शेठजी म्हणाले. "लोकल जानवर."

"छछूंदर दस्ताने पहनती है?"

"ठंड बहुत पड़ती है इधर."

साहेबांच्या कानशिलावरून घामाची धार वाहत होती. त्यांनी शेठजींकडे पाहिलं, मग माझ्या मुंडक्यावर टकटक केलं. "इसे उतारिए. अंदर से देखना है, सांचा किसका है."

लोक गोळा झाले होते. मी जाळीतून पाहिलं. अगदी पुढच्या रांगेत, एका हाताला नात आणि एका हाताला नातू धरून, माझे भासरे उभे होते.

"उतारिए," साहेब म्हणाले.

यांनी मागे गर्दीत दडून खोकून पाहिलं. खोकल्याने काय होणार होतं? मी दोन्ही हातांनी मुंडकं घट्ट धरलं आणि टोपलीतून माझा तो जाड आवाज निघाला, "नहीं उतारूंगी. सामने मेरे जेठ खड़े हैं."

"कौन?" साहेबांनी विचारलं.

"जेठजी. उनके सामने मुंह नहीं खोलते हमारे में."

आणि मग गर्दीत खसखस पिकायला लागली. "अरे, चूहे के जेठ आए हैं!" "छछूंदर है बे!" "काय दद्दा, आपई हो क्या?" सगळे म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले. एकजण म्हणाला, "हमारा तो छोटा भाई ही नहीं है." दुसरा म्हणाला, "हमारी बहू तो मायके गई है," आणि मग स्वतःच विचारात पडला.

तेवढ्यात माझे भासरे पुढे झाले. नातवंडांचे हात सोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हंसने की बात नहीं है! किसी भले घर की बहू है. जिस किसी का रिश्ता लगता हो, वो शराफत से उधर झूले के पास चला जाए!" फॅक्टरीत ते सुपरवायझर होते, माणसं हाकायची सवय. त्यांनी एकेका म्हाताऱ्याला दंडाला धरून पाळण्याकडे लावलं. टोपीवाले गेले, काठीवाले गेले, दाढी पांढरी झालेला एक तरुण माणूस उगाच गेला. मैदान मोकळं करून ते परत माझ्यासमोर येऊन उभे राहिले, हात मागे बांधून.

"अब उतारो बेटी. सब गए."

मी म्हटलं, "एक अभी खड़े हैं."

भासऱ्यांनी झटकन मागे वळून पाहिलं. मागे कुल्फीवाला होता, केस पांढरे. "सुनाई नहीं देता? चलो!" म्हणून त्यांनी त्याला गाडीसकट ढकलत पाळण्यापर्यंत नेलं. कुल्फीवाला ओरडत होता, "अरे हम तो बिहार के हैं!" पोरं कुल्फीच्या मागे पळाली, मोठी माणसं पोरांच्या मागे.

साहेब खाली बसले होते. मला वाटलं ऊन लागलं. पण ते हसत होते, चष्मा काढून डोळे पुसत होते. "रहने दीजिए," ते शेठजींना म्हणाले, "मैं आफिस में देख लूंगा." मी मुंडकं धरूनच तिथून निघाले, आणि शेड गाठेपर्यंत हात सोडले नाहीत.

आफिसात मुंडकं यांनी नेऊन दाखवलं. साहेबांनी आत पाहिलं तर काय, टोपली! खाली अजून भाजीबाजारातला डाग होता. तरी ते म्हणाले, कान कापून काम होत नाही, चेहरा आमच्यावरूनच घेतलाय. उंदीर, बदक, कुत्रा तिघेही बंद. फाटकावरची चित्रंही पुसायची. राजवाड्याबद्दल विचारलं तर म्हणाले, तो राहू द्या, तो कशासारखाच नाही. आणि शेडमध्ये लपवलेल्या दोघांसकट ती तिन्ही मुंडकी त्यांनी आपल्या गाडीत घालून नेली. मी शेडच्या फटीतून पाहिलं. मागच्या काचेतून माझं लांब नाक बाहेर पाहत होतं. मला फार वाईट वाटलं.

शेठजी शेडच्या दाराशी आले, आत न पाहता बोलले, "भाभीजी, साहब कह गए, अपना कुछ बनाओ. पूरी छछूंदर बना लो, किसी की नकल नहीं. बनेगी?"

यावेळी पडदा नव्हता, टोपली नव्हती, नुसतं अर्धं लोटलेलं दार होतं. मी म्हटलं, "बनेगी. मखमल भूरी लगेगी. और पीठ के लिए भी पूरा कपड़ा चाहिए."

"मिल जाएगा," ते म्हणाले.

संध्याकाळी भासरे आमच्याकडे जेवायला होते. मी डोक्यावर पदर घेऊन वाढत होते. ते यांना सगळं रंगवून सांगत होते, जणू हे तिथे नव्हतेच. कुल्फीवाल्याच्या मागच्या दोन जन्मांच्या चुका काढून झाल्या. मग म्हणाले, "पण ती पोरगी, कोणाची का असेना, संस्कारी घरची होती बरं. एवढ्या मोठ्या साहेबासमोर ठाम उभी राहिली. नाहीतर आजकालच्या बाया."

"हो ना," हे ताटात पाहत म्हणाले.

"बंद नाही ना केलं तिला? नात विचारून राहिली होती, परत जाऊ म्हणे."

"नवीन शिवून राहिले म्हणतात. थोडा वेळ लागेल."

"शिवणारीला सांग, नाकाजवळ हवेला जागा ठेव म्हणा. गुदमरत असेल ती बिचारी आत."

मी त्यांच्या ताटात दोडक्याची भाजी वाढली. ते नको नको म्हणत होते, तरी अजून एक डाव वाढला, आणि आत जाऊन नव्या मुंडक्यासाठी काढलेल्या टोपलीला नाकाजवळ भोक कुठे पाडायचं ते खडूने खूण करून ठेवलं.