रोडग्यांचा बहिष्कार

आमच्या गावात विरोधी पक्ष म्हणजे माझे सासरे आणि त्यांच्यामागची अर्धी आळी. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. सत्तर सालानंतरच्या एका लोकसभेला त्यांनी बहिष्कार पुकारला. कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. विरोधी पक्षाचा उमेदवार मानोऱ्याकडून जीपनं आला आणि आमच्या अंगणात न उतरता सरळ सरपंचाच्या ओसरीत चहा प्यायला. सरपंच सत्तेवाल्या पक्षाचा. बिचाऱ्याला घर चुकलं होतं, दुसरं काही नाही. पण मामाजी म्हणाले, आता ना त्याले मत, ना ह्याले.

इकडे मला एकवीस पुरी झाली होती आणि यादीत पहिल्यांदा नाव लागलं होतं. माहेरी माझे वडील मतदानाला अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून जायचे. मत म्हणजे आपल्याला माणसात धरल्याची खूण, असं म्हणायचे. मला ते मत द्यायचं होतं. पण नव्या सुनेनं सासऱ्यापुढे तोंड कसं उघडायचं?

आपली माणसं मोहात पडू नयेत म्हणून मामाजींनी तोड काढली. मतदानाच्या दिवशी सगळ्यांना बायकापोरांसकट वावरात रोडग्यांचं जेवण! सकाळपासून गोवऱ्यांच्या आरात, लाल निखाऱ्यांत, कणकेचे जाड रोडगे भाजत होते, वांग्याची भाजी रटरटत होती. सासूबाई म्हणाल्या, लग्नातही एवढी माणसं जेवली नव्हती. मी कणीक मळता मळता रडत होते. धूर आहे म्हणून कोणी विचारलं नाही.

दुपारी पंगत बसली आणि गावचा कोतवाल आला. पोटभर जेवला, हात धुतला, मग सावकाश म्हणाला की तुमच्या पार्टीचं तर एकूण एक मतदान झालं. तुमच्यातलं गावात कोणी नाही आणि शाळेतलं मतदान केंद्र उघडं. सरपंचाच्या माणसांनी पपईचा चीक लावून बोटाची शाई पुसली आणि आमच्या सगळ्यांच्या नावावर शिक्के मारले. मामाजींचंही मत पडलं होतं.

पंगत तशीच उठली. खरकट्या हातानं अख्खा विरोधी पक्ष शाळेत शिरला. केंद्राध्यक्ष म्हणून आलेला कारंज्याचा मास्तर घामाघूम झाला. मामाजींनी त्याच्यापुढे आपलं कोरं बोट नाचवलं. त्यानं नियमाचं पुस्तक काढलं. तुमच्या नावानं दुसऱ्यानं मत टाकलं असेल, तर तुम्हाला वेगळी मतपत्रिका मिळते, म्हणाला.

"म्हणजे मी मत देल्लं नाई, हे सांगाले मले मत द्या लागते?" मामाजींनी विचारलं.

"हो. नियमच तसा आहे."

मामाजी मटकन बाकावर बसले. बहिष्कार मोडावा तर इज्जत जाते, पाळावा तर मत सरपंचाच्या घरात जाते.

मी पदर सावरून पुढे झाले. कुठून बळ आलं, देव जाणे. मास्तरनं माझ्या नावाचा कागद दाखवला. सहीच्या जागी आंगठा होता, चांगला जाडजूड, गड्यामाणसाचा. आणि मी मॅट्रिक पास! अंगाची नुसती लाही झाली.

"मामाजी, तुमचा बहिष्कार तुमी पाळा. मले सही करू द्या."

लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग मान फिरवली आणि मास्तरला म्हणाले, द्या तिले कागद.

मी पूर्ण नावाची सही केली. आडोशाला जाऊन शिक्का मारला. बोटाला लागलेली शाई पाहून आनंद तर असा झाला, की सांगता सोय नाही. मास्तरनं माझी मतपत्रिका पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं आणि खाली मान घालून म्हणाला, "बाई, हे मत मोजत नसतात. कोर्टानं मागितलं तरच उघडतात."

कोर्टात कोण जाणार? मामाजींचा तर तिथंही बहिष्कार होता. मोजणीत त्या गड्याचा आंगठा धरला गेला. माझी सही पाकिटातच राहिली.