विहिरीचा वारा

होळी झाली आणि आमच्या यांनी मधल्या खोलीची जमीन उकरायला घेतली. शेणाने सारवून सारवून मी ती आरशासारखी केली होती. मी पोटुशी, आणि घरात मातीचा ढीग. काय चाललंय विचारलं तर म्हणाले, "विहिरीतला गारवा घरात आणून राह्यलो." मला वाटलं, या माणसाला ऊन बाधलं.

हे माजरीकडच्या कोळशाच्या खाणीत कामाला होते आणि आमचं गाव तिथून चालत जाण्याइतकं जवळ. चांद्याकडचा उन्हाळा म्हणजे दुपारी कावळासुद्धा झाडाखालून हलत नाही. पण वर वैशाख असो की पौष, जमिनीच्या पोटात हवा सारखीच, असं हे खाणीतून आले की सांगत. मग तोच गारवा आपल्या जुन्या मातीच्या घरात का आणू नये, हे त्यांच्या डोक्यात बसलं. आणि त्यांच्या डोक्यात एकदा काही बसलं की ते काढणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं.

मला मात्र वेगळीच धास्ती होती. मला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच झालं, याच मधल्या खोलीत, वैशाखातच. रिवाजाप्रमाणे दार-खिडकी बंद, बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी, बाहेर आग ओकणारं ऊन. मुलगी आधी किरकिरत राहिली, मग किरकिरायचीही थांबली. सासूबाई म्हणाल्या, "देवाची मर्जी." हे काहीच म्हणाले नाहीत. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे तिची आठवण काढायला नावसुद्धा नव्हतं. त्या दिवसापासून घरात कोणी तिचा विषय काढला नाही. आणि आता दुसरं बाळंतपण त्याच खोलीत, त्याच महिन्यात येणार होतं. मी त्या विचाराने झुरत होते आणि या माणसाला खड्डे खणायची हौस आली होती.

विहिरीपासून घरापर्यंत पुरुषभर खोल चर निघाला. त्यात आमची कोंबडी पडली, शेजाऱ्यांची शेळी पडली, एकदा सासूबाई पडता पडता वाचल्या. नळ आणायचे कुठून? कुंभार छपरावरचं कवेलू घडवतो ते आधी चाकावर नळीसारखं उठवतो आणि मग चिरून त्याचे दोन करतो. यांनी त्याला सांगितलं, चिरू नको, नळ्या तशाच दे. कुंभार हसला, पण त्याने दिल्या. त्या नळ्या एकीपुढे एक जोडून विहिरीच्या आतल्या कडेपासून मधल्या खोलीच्या कोपऱ्यापर्यंत पुरल्या. वरच्या आढ्याला दोन कवेलू सरकवून वाट ठेवली. एका वाटेने वारा येईल, दुसरीने जाईल, खाणीत जातो तसा.

वारा आला नाही. हे नळीच्या तोंडाशी उदबत्ती धरून बसले. धूर खोलीत यायचा सोडून उलटा नळीत शिरला. म्हणजे आमच्याच घरातली गरम हवा विहिरीकडे चालली होती!

"विहीर तापवून राह्यला काय रे?" सासूबाईंनी विचारलं.

"खाणीत वर मोठा पंखा असते, माय," हे म्हणाले. "तो वारा ओढते. इथी ओढाले काही नाई."

"मंग काऊन खंदलं सारं घर?"

 मला इतका संताप आला की दोन दिवस मी त्यांना हातावर भाकरी द्यायची तेवढी दिली, तोंडातून शब्द दिला नाही. जमीन गेली, अंगण गेलं, आणि खोली होती तशीच भट्टी राहिली.

वैशाख अर्धा झाला आणि मी त्याच खोलीत बाळंत झाले. पुन्हा मुलगी. सासूबाईंनी दार लावलं, बाजेखाली शेगडी ठेवली आणि नळीच्या तोंडात जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला. म्हणाल्या, "बाळंतिणीले वारा लागन तं जल्मभर डोकं दुखन."  दुसऱ्या दुपारी मुलगी किरकिरायला लागली. तो आवाज मी ओळखत होते. अंगात त्राण नव्हतं, तरी बाजेवरून उतरले, सरपटत कोपऱ्यात गेले आणि तो बोळा उपसून काढला.

हाताला गार लागलं. शेगडीची धग वर आढ्यातून बाहेर चालली होती आणि आपल्यामागे विहिरीचा वारा ओढून आणत होती. गारवा हवा म्हणून केलेल्या खोलीत विस्तव पेटवावा लागतो, हे कोणाच्या बापाला सुचलं असतं! मी मुलीला तिथेच गोधडीवर निजवलं. ती थोडा वेळ मुसमुसली आणि झोपली.

सासूबाई आल्या, भडकल्या, बोळा उचलून वाकल्या. नळीपाशी त्यांच्याही हाताला गार लागलं. मग त्यांनी झोपलेल्या पोरीच्या कपाळाला हात लावला आणि तिच्याजवळ खाली बसल्या. तेवढ्यात हे खाणीतून आले आणि तसेच काळ्या अंगाने दारात उभे राहिले.

"त्या पोरीच्या वक्ताले काऊन नाई सुचलं रे तुले?" सासूबाईंनी विचारलं आणि पदर तोंडात घेतला.

"तिच्यापायीच तं खंदून राह्यलो होतो, माय," हे म्हणाले.

 रडू आलं आणि रागही तितकाच आला. एवढं एक वाक्य तोंडातून काढायला या माणसाने सगळं घर उकरलं होतं. मी सासूबाईंच्या हातातून तो बोळा घेतला आणि शेगडीत टाकला.