आईने देवाला वाहिलेला मुलगा

माझ्या आधी आईची दोन बाळं गेली होती. मी पोटात असताना तिने सोयगावकडच्या आमच्या गावातल्या चर्चमध्ये गुडघे टेकून नवस केला, हे लेकरू जगलं तर तुझ्या सेवेला देईन. मी जगलो, म्हणून मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होणार हे ठरूनच गेलं. उपकारस्तुतीच्या सणाला लोक पहिल्या पिकाची कणसं, कोंबड्या वेदीपुढे आणायचे. आई मलाही त्या रांगेत उभं करायची. उपासनेनंतर कोंबड्यांचा लिलाव व्हायचा, माझा होत नसे, एवढाच फरक.

शहरात राहून मी बी.एस्सी. झालो, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. चिकलठाण्याच्या ज्या कारखान्यात मी सुट्टीत काम करायचो, तिथेच नोकरी मिळाली आणि त्याच आठवड्यात पाळकांच्या शिक्षणासाठीही जागा मिळाली. मन कारखान्याकडे ओढत होतं. त्याची मला लाज वाटत होती.

पुंडलिकनगरात एक म्हाताऱ्या बायबलबाई राहायच्या. बैलगाडीतून गावोगाव हिंडून त्यांनी माझ्या आईसारख्या कित्येक बायकांना प्रार्थना शिकवली होती. ते विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलेल्या दंगलींचे दिवस होते. क्रांती चौकापुढे बस जात नव्हती, म्हणून मी चालतच त्यांच्याकडे गेलो.

"देवाची इच्छा कळावी म्हणून डोळे मिटून बायबल उघडलं, बाई. बोट ठेवलं."

"काय निघालं?"

"वंशावळ. पानभर नुसती बापलेकांची नावं."

बाईंनी तोंडाला पदर लावला, तरी हसू आवरेना. "आरं, देवाला लॉटरी लावतूस व्हय? प्रार्थनेला बसल्यावर काय दिसतं तुला, ते सांग."

"कारखाना दिसतो."

"कशापायी? पगारापायी?"

"पगार आहेच. पण ते काम मला आवडतं. तिथं असताना मी बरा माणूस असतो."

बाईंनी तोंडावरचा पदर काढला. मग म्हणाल्या, "हे आईला सांगितलंस का?"

"तिचा नवस मोडेल."

"नवस तिचा हाय. मग माझ्याकडं काय आलास? तिच्याकडं जा."

आत्मिक जीवनाच्या दिशेविषयी मी पुढे पुष्कळ प्रवचनं ऐकली. पण मला खरं बोलायला लावलं ते बाईंनी, आणि त्याबद्दल मी आजही देवाचे आभार मानतो.

गावी गेलो. दंगलीत घर जळालेल्या एका बौद्ध कुटुंबाला आईने आमच्या घरी आणून ठेवलं होतं. आई भाकरी थापत होती आणि त्या घरच्या मावशी चुलीत काड्या सारत होत्या. मी सगळं सांगून टाकलं. आईचा हात थांबला.

"मग देवाला काय सांगू मी?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्याला दिलेलं माघारी घेऊ व्हय?"

तव्यावरची भाकरी करपू लागली, ती मावशींनी उलटली. आईने पिठाचे हात तसेच जोडले आणि डोळे मिटले.

"बापा, पोरगं तुझंच हाय. कंपनीला नुसतं वापराय दिलंय. तिथं त्याच्यावर नजर ठेव, लई भोळं हाय."

मी आमेन म्हणालो. मावशीही म्हणाल्या आणि लगेच आईला म्हणाल्या, "झालं की आता. डोळं पूस अन् पोराला जेवू घाल, माय."