लालबागच्या खोलीतला कायदा

वसुधा परब गेल्याचं मला कोर्टाच्या जिन्यात कळलं. तिच्याच एका विद्यार्थिनीने सांगितलं आणि रडू आवरत विचारलं, आज पुढची तारीख मागून घ्यायची का? मी नाही म्हटलं. वसुधाने तरी घेऊ दिली असती का... आम्ही काम चालवलं आणि मगच तिला पोचवायला भोईवाड्याच्या स्मशानात गेलो.

गिरणी संपाच्या काळात वसुधा आणि मी संध्याकाळच्या लॉ कॉलेजात शेजारी बसायचो. तिचे वडील परळच्या एका गिरणीत कामाला. संप लांबला तसं घर तिच्या टायपिंगच्या नोकरीवर आलं. शेवटच्या वर्षाला प्रात्यक्षिक प्रशिक्षण होतं. बाकीची मुलं फोर्टातल्या सॉलिसिटरांकडे वशिले लावत होती, मीही तिथेच एका ऑफिसात जात होते. वसुधा मात्र लालबागला, तिच्या चाळीतल्या तळमजल्याच्या खोलीत दर शनिवारी लोकांना फुकट कायद्याचा सल्ला द्यायला बसू लागली आणि तिने मलाही ओढून नेलं.

तिथे काशीबाई आल्या. नवरा संपातच वारलेला. गिरणीने राहती खोली रिकामी करायची नोटीस काढली होती, तीही त्या वारलेल्या माणसाच्या नावे. काशीबाई एवढंच म्हणाल्या, "मी खंय जावचंय नाय."

नोटिशीचं उत्तर आणि कोर्टाकडे मनाईचा अर्ज, दोन्ही वसुधाने लिहिली. आम्हाला कोर्टात बोलायचा अधिकार नव्हता, म्हणून काशीबाईंनाच तयार केलं. मला न्यायाधीश करून सराव घेतला. कोर्टात त्या न अडखळता बोलल्या. गिरणीच्या वकिलांनी हसत विचारलं, हे लिहिलंय कोणी? वसुधा मागच्या बाकावरून उठली. "मी. कायद्याची विद्यार्थिनी आहे. चूक असेल तर दाखवा."

चूक निघाली नाही. ताबा घ्यायला मनाई झाली आणि काशीबाई अखेरपर्यंत त्याच खोलीत राहिल्या.

कॉलेजने मात्र हे प्रशिक्षण धरलं नाही. वकिलाच्या ऑफिसची सही हवी, कुठूनही आण, असं प्राचार्यांनी सुचवलं. जिथे पाऊलही टाकलं नाही तिथली खोटी सही आणून मी वकिली सुरू करणार नाही, असं सांगून ती उठली. वर्ष गेलं. तिचे वडील घरी बेकार बसलेले, तरी म्हणाले, "साहेबांना सांग, पोरगी पुढच्या वर्षीही तिथेच शिकणार." पुढच्या वर्षी तिने एका वयस्क वकिलांनाच दर शनिवारी खोलीवर आणून बसवलं. त्यांची सही कॉलेजला मानावीच लागली... नंतर तेच कॉलेज दरवर्षी तिच्याकडे मुलं पाठवू लागलं.

गिरण्या गेल्या, टॉवर आले. शनिवार चुकला नाही. शेवटच्या आजारात तिने मुलांना हॉस्पिटलमध्ये बोलावलं आणि एका अर्जातला "मेहरबानी" शब्द खोडून तिथे "हक्क" लिहायला लावला.

आता चाळ पाडून नवी इमारत व्हायची आहे. मॅडम नाहीत, तर खोली सोडा, असा निरोप चाळीच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाठवला. त्या शनिवारी आम्ही खोली उघडली. तिच्या खुर्चीत बसायला कोणी धजेना, म्हणून नायगावहून तक्रार घेऊन आलेल्या एका बाईंना तिथे बसवलं आणि मुलं त्यांचं ऐकू लागली. मग मी सेक्रेटरींना फोन केला. म्हटलं, तोंडी निरोप नको, लेखी नोटीस द्या. उत्तर मुलं लिहितील.